मत न मागणारा पाणीमंत्री

परदेशी जाऊन आलेल्या बाईला आमच्या गावात ठरलेले प्रश्न विचारतात. सोनं स्वस्त होतं का, उकाडा किती होता, उंट पाहिला का. अबू धाबीहून परतून मला वर्ष होत आलं, पण यापलीकडचं कुणी काही विचारलं नाही, म्हणून आपणहून लिहायला बसले आहे. सोनं मी घेतलं नाही. उकाडा सोसला. उंट पाहिला तो पिकअप गाडीत बसून चाललेला, माझ्यापेक्षा आरामात. बाकी जे पाहिलं ते एका माणसाबद्दल आहे, आणि तो माणूस अरबही नव्हता आणि आपल्याकडचाही नव्हता.

माझी थोडी ओळख द्यायला हवी. पंचवीस वर्षं मी हायस्कूलमध्ये इंग्रजी आणि भूगोल शिकवला. नोकरी सोडून घरी बसले होते, तेवढ्यात नगरपालिकेत बायकांना जागा राखीव झाल्या आणि वॉर्डातल्या मंडळींना एकदम माझी आठवण झाली. पाच वर्षं नगरसेविका होते, त्यातली दोन पाणीपुरवठा समितीची सभापती. नवी टाकी आणीन असं भर सभेत बोलून बसले होते. टाकी आली नाही आणि पुढच्या निवडणुकीत मी पडले. त्यानंतर वर्षभरात हे गेले. मग मुलगा म्हणाला, आई, दोन महिने आमच्याकडे ये. १९९८ च्या दसऱ्यानंतर मी विमानात बसले.

अकरावा मजला

मिलिंद तिथे इंजिनिअर, सून अपर्णा बँकेत, नात ईशा तिसरीत. सकाळी सातला तिघं तीन दिशांना. "आई, फ्रीजमध्ये सगळं आहे, मायक्रोवेव्हला दोन मिनिटं, ओके? यल्ला, बाय!" असं म्हणत मिलिंद लिफ्टमध्ये शिरायचा. दार लागलं की घरात फक्त एसीची घरघर. खिडक्या उघडायच्या नाहीत, कारण बाहेर भट्टी. खाली निळाशार समुद्र दिसायचा, पण काचेमुळे त्याची गाज वर यायची नाही. मुका समुद्र मी तिथेच पहिल्यांदा पाहिला.

पहिल्या दिवशी मी एक वेडेपणा केला. स्वयंपाकघरातला नळ सोडला आणि घड्याळ लावून समोर उभी राहिले. सभापतीपदाची सवय, दुसरं काय! आमच्याकडे तिसऱ्या दिवशी पाऊण तास पाणी येतं. इथे दुपारी बारालाही तीच धार आणि चारलाही तीच.

संध्याकाळी मिलिंदला विचारलं, "हे पाणी येतं कुठून रे? नदी तर दिसत नाही."

"समुद्रातून. डिसॅलिनेशन प्लांट असतात ना, मीठ काढून टाकतात."

"एवढ्या गावाला पुरतं?"

"आई, आख्ख्या कंट्रीला पुरतं," तो म्हणाला आणि त्याचा फोन वाजला. तो बोलत गॅलरीकडे गेला.

ईशाशी बोलावं तर मी मराठीत विचारायची आणि ती इंग्रजीत उत्तर द्यायची. "शाळेत काय केलं गं आज?" "नथिंग, आजी." नथिंगच्या पुढे संभाषण सरकवायला जी युक्ती लागते ती मला जमली नाही. मला फार एकटं वाटायचं. पण मुलाने हौसेने तिकीट काढलेलं, त्याला कुठल्या तोंडाने सांगणार? मग मी भिंतीकडे तोंड करून जपाला बसायची आणि जप सोडून आमच्या गावच्या एसटी स्टँडचे आवाज आठवत राहायची.

कॉर्निशवर

आठवडा झाल्यावर एका संध्याकाळी मी कोथिंबीर आणायला एकटीच खाली उतरले. कोथिंबीर मिळाली, परत येताना इमारत हरवली. सगळ्या इमारती एकाच आईच्या पोटच्या असाव्यात तशा! पत्ता मी लिहून घेतला नव्हता. पंचवीस वर्षं भूगोल शिकवलेली बाई रस्ता चुकली हे कुणाला सांगायची सोय नव्हती. समुद्राकाठच्या रस्त्यावर, ज्याला तिथे कॉर्निश म्हणतात, एका बाकावर जाऊन बसले आणि डोळे भरून आले.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक गृहस्थ बसले होते. आडदांड बांधा, पिकलेले कुरळे केस, वर कोट आणि टाय, खाली मात्र गुडघ्याखाली येईल अशी करड्या रंगाची लुंगी आणि चपला. आधी वाटलं, पँट घालायची विसरले की काय. ते समुद्राकडे पाहत होते. माझ्याकडे न वळताच अगदी स्पष्ट, मास्तरी इंग्रजीत त्यांनी विचारलं, "बाई, काही हरवलं आहे का?"

"घर," मी म्हटलं.

ते हसले नाहीत, हे मला फार आवडलं. खाली कुठलं दुकान आहे, एवढंच त्यांनी विचारलं. मला आठवत होता तो एक फोटो स्टुडिओ, काचेत नवरीचा मोठा फोटो. ते उठले आणि म्हणाले, "चला. मी त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. त्या नवरीला मी रोज गुड मॉर्निंग म्हणतो."

असे मला फिलिपो भेटले. दुसऱ्या मजल्यावर भाड्याच्या सामानासकट खोल्या होत्या, त्यातल्या एकीत ते उतरले होते. पॅसिफिक महासागरातल्या एका बेटावरचे ते मंत्री होते. बेटाचं नाव इथे देत नाही. तिथे सगळे सगळ्यांना ओळखतात, आणि त्यांनीच मला तशी विनंती केली आहे. मी वर्गात जो नकाशा टांगायचे त्यात ते बेट नव्हतंच. असलंच तर 'पॅसिफिक' या शब्दाच्या एखाद्या अक्षराखाली झाकलं गेलं असेल. ते स्वतंत्र देशही नाही. दूरच्या एका मोठ्या देशाचा झेंडा तिथे फडकतो, आणि घरचा कारभार बेटावरचं लहानसं मंडळ पाहतं.

"कुठलं खातं तुमच्याकडे?" मी चौकशी केली. शेवटी आपण दोघं एकाच धंद्यातले.

"पाणी, पोस्ट, मासेमारी आणि शाळा," ते म्हणाले. "शिवाय शनिवारी रेडिओही मीच लावतो."

खालचा सोफा

त्यानंतर मी रोज दहा वाजता खाली जायला लागले. इमारतीच्या दाराशी एक सोफा होता, तिथे आम्ही बसायचो. मी डब्यात काहीतरी न्यायची. थालीपीठ त्यांना आवडलं, शिरा फारसा नाही, लिंबाचं लोणचं त्यांनी नुसतंच खाल्लं. अपर्णाला हे पसंत नव्हतं. "आई, अननोन माणूस आहे तो, प्लीज बी केअरफुल." ईशाने मात्र त्यांना लिफ्टमध्ये पाहिलं आणि माझ्या कानात म्हणाली, "आजी, ही इज अ जायंट! कॅन आय कम विथ यू टुमॉरो?" आल्यापासून नातीने पहिल्यांदाच माझ्याबरोबर यायचं म्हटलं, ते या राक्षसाच्या पायी.

फिलिपो आधी शाळामास्तर होते. त्यांच्या बेटावर मंडळाची निवडणूक होते, पण प्रचार होत नाही. उमेदवाराने मत मागायचं नाही, असा तिथला रिवाज. मागितलं की संपलाच तो. गावातली म्हातारी माणसं एके दिवशी घरी येतात, चटईवर बसतात आणि म्हणतात, यंदा तू. मग तो उभा राहतो. मतदानाच्या दिवशी तो घराबाहेरही पडत नाही, कारण रस्त्यात कुणाच्या समोर येणं म्हणजेसुद्धा मागणं.

"वीस वर्षांत मी कुणाला मत मागितलं नाही," ते म्हणाले. ते सांगताना ते ताठ बसले होते.

मी आमच्याकडची रीत सांगितली. हात जोडून दारोदार फिरायचं, म्हाताऱ्यांच्या पायांवर डोकं ठेवायचं, तान्ह्या पोरांना कडेवर घ्यायचं. एका पोराने माझ्या नव्या साडीचा जो अभिषेक केला तोही सांगितला. ते खदखदून हसले. "पण त्यात लाज नाही वाटत?" त्यांनी अगदी मनापासून विचारलं.

"रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही," मी म्हटलं. याचं इंग्रजी करताना माझी तारांबळ उडाली, पण आशय पोचला.

वीस वर्षांत ते एकदाच पडले होते. एका अंत्यविधीत त्यांनी वडीलधाऱ्यांच्या आधी तोंड उघडलं, म्हणून. बायको पाच वर्षांपूर्वी गेली. मुलं नोकरीसाठी त्या मोठ्या देशात निघून गेली आणि तिकडचीच झाली. "आमच्या बेटावरून तरुण माणसं जातात, आणि आम्ही म्हातारे एकमेकांना निवडून देतो," ते म्हणाले.

आणि ते आले होते पाण्यासाठी. दोन वर्षांपूर्वीच्या वादळात समुद्र बेटात शिरला आणि विहिरी खारट झाल्या. पावसाचं पाणी पिंपात साठवायचं, ते संपलं की नारळ. लहान मुलांना हगवण लागायची. ज्यांचा झेंडा होता त्यांच्याकडून उत्तर यायचं, पुढच्या वर्षी पाहू. अबू धाबीत पाण्यावरची एक परिषद होती, तिचं आमंत्रण कसं कोण जाणे बेटावर पोचलं, आणि हे एकटे शिष्टमंडळ होऊन आले. परिषदेत एका मोठ्या अरब घराण्यातल्या वृद्ध गृहस्थांनी यांचा हात हातात घेतला आणि सांगितलं, माझं घर तुमचंच आहे. परिषद संपली, सगळे गेले. फिलिपो मागे राहिले आणि त्या घरी जाऊ लागले.

"मग? काय म्हणाले ते?"

"चार वेळा गेलो. फार प्रेमाने वागवतात. खजूर देतात, कॉफी देतात, समुद्राची चौकशी करतात, मुलांची करतात. मी का आलो आहे, एवढंच विचारत नाहीत."

"तुम्ही सांगायचं ना मग!"

त्यांनी मान हलवली. पाहुणा आला की यजमानाने विचारायचं, कुठल्या वाऱ्याने आलास? त्यानंतरच पाहुण्याने बोलायचं. न विचारता मागणं म्हणजे भीक, आणि ती एकट्याची नाही, साऱ्या गावाची. त्यांचा व्हिसा तीन आठवड्यांचा होता, त्यातले नऊ दिवस गेले होते. परत गेल्यावर चार महिन्यांनी निवडणूक होती.

रुवैसच्या रस्त्याने

शुक्रवारी सुट्टी असूनही मिलिंदला रुवैसला जायचं होतं. पश्चिमेला अडीच तासांवर हे तेलाचं गाव. मी हट्टच धरला की फिलिपोंना समुद्राचं पाणी गोडं करणारा कारखाना दाखव. तो कुरकुरला, पण आम्हा दोघांना मागच्या सीटवर घातलं. पुढे ईशा.

डावीकडे पिवळट वाळू, उजवीकडे कधी वाळू, कधी समुद्राची पांढुरकी रेघ. झाड म्हणावं असं काही नाही. रस्त्यावर एकही वळण नाही, त्यामुळे मिलिंद गाडी चालवतो आहे की नुसता बसला आहे तेच कळेना. मध्ये एका पेट्रोल पंपावर केरळी माणसाकडचा दाट, गोडमिट्ट चहा घेतला. फिलिपोंनी ईशाला दोरीची कसली कसली नक्षी बोटांवर करून दाखवली आणि परत येईपर्यंत ती पोर दोरीतून डोकं वर काढीना.

रुवैसच्या अलीकडे किनाऱ्याला तो कारखाना होता. पांढऱ्या टाक्या, जाडजूड नळ, वाफा. आत जायला परवानगी नव्हती, आम्ही कुंपणाबाहेरून पाहिलं. फिलिपो जाळीला बोटं अडकवून उभे राहिले. वारा गरम होता, त्यांची लुंगी फडफडत होती. पंधरा मिनिटं झाली तरी हलेनात.

"अंकल, तुम्हाला एवढा मोठा नको," मिलिंद त्यांना म्हणाला. "तुमच्या पॉप्युलेशनला छोटं युनिट येतं. टेम्पोएवढं असतं. शिपवर चढवायचं, तिकडे उतरवायचं, खलास. कुणीतरी सँक्शन केलं पाहिजे, बस्स."

"टेम्पोएवढं," फिलिपोंनी माझ्याकडे वळून विचारलं, "म्हणजे केवढं?" मी हाताने दाखवलं. त्यांनी तेवढंच अंतर स्वतःच्या हातांनी मोजून पाहिलं. मला भडभडून आलं. मी सभापती असताना मंत्रालयाच्या पायऱ्यांवर अशीच टाकीच्या कागदाची गुंडाळी धरून बसायची.

अळू

सोमवारी मी अपर्णाच्या मागे लागून मीना भागातल्या भाजीबाजारात गेले. फिलिपो बोलता बोलता म्हणाले होते की त्यांच्याकडे एक मोठ्या पानांची भाजी नारळाच्या दुधात शिजवतात, कच्ची राहिली तर घसा खाजतो. मी ताडकन ओळखलं, हे तर आपलं अळू! बाजारात अळू मिळालं. जुडी तीन दिरहम, म्हणजे आपले पस्तीस रुपये. अळूला! आमच्याकडे मोरीच्या कडेला फुकट उगवतं.

मी देठ चाचपत होते तेवढ्यात शेजारून आवाज आला, "बाई, हा अळू खाजरा आहे. तो घ्या, काळ्या देठाचा."

पांढरी दाढी, अंगात लांब पांढरा अरबी सदरा, पण बोली आपल्या कोकणातली. युसुफभाई, दापोलीकडचे. बावीस वर्षं इथे. बायको, मुलं गावाला, हे दोन वर्षांतून एकदा जाणार. काम काय, तर एका बड्या घरच्या बैठकीत कॉफी द्यायची. तिथे कॉफीला गहवा म्हणतात, आणि ती ओतणारा माणूस वेगळाच असतो.

घर कुठलं ते त्यांनी सांगितलं आणि मी अळूची जुडी खाली ठेवली. "तुमच्याकडे एक लुंगीवाले मोठे गृहस्थ येतात का?"

"तो? अरे, येतो ना! बाई, त्याला जरा समजवा. कप पुरे झाला की असा हलवायचा, तर मी थांबतो. तो हलवतच नाय. मी ओततो, तो पितो. गेल्या खेपेला नऊ कप प्याला बिचारा. मला भीती, याला काय होईल!"

मी त्यांना सगळी हकिगत सांगितली. युसुफभाईंनी कपाळावर हात मारला.

"बाई, इथं पाहुण्याला विचारत नाय, कशाला आलास म्हणून. तीन दिवस तर विचारणं ऐबच समजतात. आमचे शेखसाहेब जुन्या चालीचे, ते तर कधीच विचारणार नाय. ते बोलतात, माणूस सोबतीला आलाय, बसू दे." मग त्यांनी आवाज खाली केला. "पण एक रिवाज आहे. कुणाला काय मागायचं असलं तर तो पहिला कप घेतो आणि न पिता खाली ठेवतो. बोलत काय नाय. मग साहेबांना बोलावंच लागतं, पी बाबा, काय पाहिजे ते बोल. आणि पी बोलले म्हणजे दिलं, इन्शाल्ला."

मी घरी आले ती पळतच. अळूचं फदफदं केलं, नारळाचं दूध घालून, त्यांच्यासाठी चिंच कमी. अपर्णा म्हणाली, त्यांना वरच बोलवा. फिलिपो वर आले, टेबलाशी बसले, पहिला घास घेतला आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. तीन वेळा मागून घेतलं. भाजी मागायला त्यांना लाज वाटली नाही, हे मी मनात टिपून ठेवलं.

जेवण झाल्यावर मी युसुफभाईंचं सांगणं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला.

"दिलेलं पेय न पिणं म्हणजे आमच्याकडे तोंडावर थुंकणं."

"इथे नाही ना तसं! आणि बोलायचंही नाही तुम्हाला. तेच विचारतील."

"बोललो नाही तरी मागितलंच की. आणि बाई, एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नाही. आमच्याकडे बाहेरून काही आलं की ते कसं आलं हे गावासमोर उभं राहून सांगावं लागतं. म्हातारे एकेक प्रश्न विचारतात. मी खोटं सांगणार नाही. मग मी मागणारा ठरेन, आणि मागणाऱ्याला कुणी मत देत नाही."

तेव्हा मी जे बोलले ते जसंच्या तसं लिहिते, कारण लपवून उपयोग नाही. मी म्हटलं, "फिलिपोभाऊ, मी पाणी आणलं नाही म्हणून पडले. पाणी आणणारा माणूस पडलेला मी आजवर पाहिला नाही. जगात कुठेही जा, घरात नळ आला की लोक बाकी सगळं विसरतात."

"तुमची खात्री आहे?"

"शंभर टक्के," मी म्हटलं. वर्गात उत्तर सांगताना वापरायची तोच आवाज मी लावला होता.

त्यांनी बोटांवरची दोरी सोडवून ईशाच्या हातात दिली आणि ते खाली गेले.

गुरुवार

दोन दिवस ते सोफ्यावर आले नाहीत. मी दहा वाजता जायची, डबा मांडीवर घेऊन अर्धा तास बसायची आणि परत वर यायची. बुधवारी तर मी दुसऱ्या मजल्यावर त्यांच्या दारापर्यंत गेले आणि बेल न वाजवता फिरले. अकराव्या मजल्यावरचं ते घर मला इतकं रिकामं कधीच वाटलं नव्हतं, पहिल्या दिवशीसुद्धा नाही. सहा आठवडे अजून काढायचे होते.

गुरुवारी दुपारी त्यांनीच बेल वाजवली. कोट, टाय, धुतलेली लुंगी. काखेत बारीक विणीची चटई, त्यांच्या बहिणीने विणलेली, यजमानांना द्यायला आणलेली आणि चारही वेळा द्यायचं धाडस न झालेली. "उद्या विमान आहे," ते म्हणाले. "बरोबर याल?"

टॅक्सीने गेलो. बैठकीत बायका बसत नाहीत. युसुफभाईंनी मला बाजूच्या खोलीत, जिथे ते निखाऱ्यांवर कॉफी ठेवत, स्टुलावर बसवलं. दार किलकिलं ठेवलं. लांबलचक दालन, भिंतीला लागून गाद्या, आठदहा माणसं. मध्ये ते वृद्ध गृहस्थ, बारीक अंगाचे, हातात मण्यांची माळ. फिलिपो वाकले, चटई त्यांच्यापुढे अंथरली आणि शेजारी बसले. म्हाताऱ्याने चटईवरून तळहात फिरवला आणि आश्चर्याने काहीतरी म्हटलं.

युसुफभाई पितळी चोचीची किटली घेऊन गेले. बिनकानाचा एवढासा कप, तळाशी घोटभर पिवळट कॉफी. फिलिपोंनी तो घेतला. त्यांच्या पंजात कप दिसेनासा झाला. कप ओठांपर्यंत गेला. वाटलं, संपलं, हा भला माणूस पिणार आणि रिकाम्या हाताने घरी जाणार. मग हात खाली आला आणि त्यांनी कप गालिच्यावर ठेवला.

बोलणी थांबली. सगळ्यांनी कपाकडे पाहिलं. फिलिपो खाली मान घालून बसले होते आणि त्यांच्या मानेवरून घाम ओघळत होता. वीस वर्षं जपलेली गोष्ट त्यांनी त्या गालिच्यावर ठेवली होती, आणि ठेवायला लावणारी मी दाराआड लपले होते.

म्हाताऱ्याची माळ थांबली. त्याने अगदी हळू काहीतरी विचारलं. शेजारच्या तरुणाने इंग्रजीत सांगितलं, "ते म्हणतात, तुम्ही इतके दिवस आलात, मला वाटलं सोबतीसाठी येता. बोला."

फिलिपो बोलले. विहिरी, वादळ, मुलं. पाच मिनिटंही झाली नसतील. शेवटी त्यांनी दोन्ही हात पसरून टेम्पोएवढं अंतर दाखवलं. म्हातारा ऐकत होता. मग त्याने स्वतः वाकून तो कप उचलला आणि फिलिपोंच्या हातात दिला. काय म्हणाला ते मला कळलं नाही, पण युसुफभाई आत आले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. "पी बोलले, बाई. पी बोलले."

टॅक्सीत मी आनंदाने बडबडत होते. मिरवणूक निघेल म्हटलं, गुलाल उधळतील म्हटलं, तुमच्याकडे गुलाल नसेल तर मी पाठवते म्हटलं. फिलिपो खिडकीबाहेर पाहत होते. इमारतीशी उतरल्यावर त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि "थँक यू, टीचर," एवढंच म्हणाले. सकाळी मी खाली गेले तेव्हा खोलीला कुलूप होतं.

उरलेले सहा आठवडे कसे गेले त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. ईशा दोरीची नक्षी करायची आणि ती विसरली की मला विचारायची. मला येत नव्हती.

पत्र

मी गावी परतल्यावर सात महिन्यांनी ते पत्र आलं. पाकिटावर माशाचं चित्र असलेलं तिकीट, अक्षर मास्तरी, ओळी सरळ. मला वाटतं पोस्टाचा शिक्काही त्यांनी स्वतःच मारला असावा.

यंत्र आलं होतं. त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी शब्द पाळला. विमानतळ नाही म्हणून ते एका मालवाहू जहाजाने, निवडणुकीच्या आठवडाभर आधी पोचलं. साऱ्या बेटाने ते खांद्यांवर उचलून किनाऱ्यावर आणलं. शाळेशेजारी बसवलं. संध्याकाळी सगळे जमले, आणि रिवाजाप्रमाणे फिलिपो उभे राहिले. एका म्हाताऱ्याने विचारलं, त्यांनी तुला विचारलं, की तू मागितलंस? त्यांनी कपाची गोष्ट सांगितली. लोक उठले आणि आपापल्या घरी गेले.

ते पडले. त्यांच्या गावातून त्यांना चार मतं मिळाली. चटई विणणाऱ्या बहिणीने आपलं मत दिलं नाही, आणि तसं तिने घरी येऊन त्यांना सांगितलं. आता शनिवारी रेडिओ दुसरा कुणी लावतो. त्यांच्याकडे फारसं कुणी येत नाही.

मी पत्र खाली ठेवलं आणि भिंतीला टेकून बसले. शंभर टक्के, असं म्हणणारी मी कोण होते? ज्या बेटाची मी नकाशावरची जागासुद्धा सांगू शकले नसते, तिथल्या माणसांची मतं मी एका जेवणात ठरवून टाकली. आमच्या वॉर्डात जे चालतं तेच साऱ्या जगात चालतं, असं समजणाऱ्या बाईने भूगोल तरी काय शिकवला असेल! त्यांची माफी मागायची म्हणून मी कागदही काढला.

पण पत्राच्या मागच्या बाजूला आणखी मजकूर होता. तो इथे मराठीत उतरवते आणि थांबते.

"टीचर, तुम्ही आता माफीचं पत्र लिहायला बसाल. लिहू नका. मुलांची पोटं बरी आहेत. मतदानाच्या दिवशी उमेदवाराने घराबाहेर पडायचं नसतं हे मी तुम्हाला सांगितलं होतं. पण यंत्र चालवायला माझ्याखेरीज कुणी शिकलेलं नव्हतं आणि मतपेटी शाळेतच होती. ऊन फार होतं. मत देऊन बाहेर येणाऱ्या प्रत्येकाला मीच नळावर पाणी दिलं. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. पण पाणी सगळे प्याले."